पास झालेला पीस कपाटात ठेव

या वेळचं पत्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आलंय. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा देते.

"ताई, माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. बाबांचं दोन लेथचं वर्कशॉप आहे, तिथली चलनं आणि हिशोब मी बघते. चलनं वहीतून कॉम्प्युटरवर आणायची म्हणून सहा महिने पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय. जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन, त्याचं 'पोल्स' नावाचं नमुना ॲप्लिकेशन कुणीतरी करून ठेवलेलं मिळालं. ते उतरवून घेतलं. त्यातल्या 'क्वेश्चन'च्या जागी पार्टी आणि 'चॉइस'च्या जागी चलन केलं, रंग बदलले आणि चालवलं, तर पानभर चूक आली. शेवटी 'ऑन_डिलीट' असं काहीतरी होतं. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून 'ॲप चालत नाही, प्लीज हेल्प' असं दोन ठिकाणी टाकलं. एका ठिकाणी तीन दिवस कुणी बोललंच नाही, दुसरीकडं प्रश्नच बंद केला. पुण्यात असते तर कंपनीत कुणाला तरी विचारलं असतं. इथं कुणाला विचारू? इंग्रजीपण बेताचं आहे. ४० हजारांचा क्लास लावू का? बाबा लाव म्हणतात, पण पैसे वाया जातील असं वाटतं."

क्लास आत्ता लावू नकोस. बाबांचे ४० हजार राहू देत. तुझ्याकडं खरं काम आहे, चलनांची वही आहे, शिकायचं कारण आहे. यातलं काहीच क्लासात मिळत नाही. तुला माणसं हवीत, आणि ती आहेत. पण तू ज्या जागी उभी राहून हाक मारलीस तिथून ती कुणाला ऐकू येण्यासारखी नव्हती. नमुन्यावरून शिकताना माझंही नेमकं हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नमुना ॲप्लिकेशन कशासाठी असतं? त्यातून कोड शिकायला मिळतो, हे झालंच. पण त्याची खरी किंमत वेगळी आहे. ते सामाईक असतं. पोल्स हे जँगोच्या अधिकृत शिकवणीतलं ॲप्लिकेशन. एक प्रश्न, त्याचे पर्याय, पर्यायांना पडलेली मतं, एवढाच त्याचा पसारा. पण जँगो शिकणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी ते ओळ न् ओळ आपल्या हातानं टाइप केलेलं असतं. त्यामुळं "पोल्सच्या दुसऱ्या भागात अमुक ओळीनंतर अडकले" एवढं म्हटलं की जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तुझा स्क्रीन उभा राहतो. अनोळखी माणसाकडून मदत मिळायला यापेक्षा मोठी सोय नाही.

तू ते उतरवून घेतलंस आणि एकदाही न चालवता बदलायला लागलीस. चूक आली तेव्हा ते पोल्स राहिलं नव्हतं. ते तुझं एकटीचं काहीतरी झालं होतं आणि ते दुसऱ्या कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

हे तुला सांगायला मला लांब जायला नको, तुझ्या वर्कशॉपचंच बघ. नवीन पार्टीचा जॉब आला की बाबा आधी एक पीस करून पाठवतात. पार्टीनं तो पास केला की त्याला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवतात. मग लॉट सुरू होतो. पाचशेव्या पीसला काही गडबड झाली तर पहिला कपाटातला पीस काढतात, व्हर्निअर लावतात आणि बघतात की फरक कुठं पडलाय. पार्टीला फोन लावतानाही "माल बिघडलाय, काय करू" असं ते कधी म्हणणार नाहीत. "ड्रॉइंगमध्ये बोअर २५ आहे, पास पीसमध्ये २५.०२ आहे, कालच्या शिफ्टपासून २५.०८ येतोय, टूल बदललाय" असं सांगतील. समोरचा दोन मिनिटांत उत्तर देतो, कारण सांगण्यासारखं सगळं बाबांनी आधीच मोजून ठेवलेलं असतं. तुझ्या प्रश्नात कपाटातला पीसच नव्हता.

मी जावा शिकत होते तेव्हा पेट स्टोअर नावाचं नमुना ॲप्लिकेशन सगळीकडं चालायचं. पाळीव प्राण्यांचं दुकान, टोपली, ऑर्डर, सगळं त्यात होतं. राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन बसायचे, पानं छापून घरी आणायचे आणि रात्री वाचायचे. मला त्याचं पुस्तकांचं दुकान करायचं होतं. एका बैठकीत मी सगळी नावं बदलली, तीन फाइली काढून टाकल्या, दोन नवीन घातल्या, आणि ते बंद पडलं. लांबलचक प्रश्न लिहून पाठवला. चार दिवसांनी एका अनोळखी माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं. आधी होतं तसं करून चालवा, मग एकेक बदल परत घाला, आणि कुठल्या बदलाला बसतं ते मला सांगा. त्या दिवशी मला राग आला होता. मदत मागितली आणि गृहपाठ दिला, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन तसंच केलं. सहाव्या बदलाला चूक परत आली आणि ती माझी मलाच दिसली. त्या माणसाला मी नंतर ते कळवलं, तेव्हा त्यानं पुढचे आठ महिने माझ्या प्रश्नांना उत्तरं दिली. मी आज हे सदर लिहिते त्यात त्याचा वाटा आहे.

आता तुझं. तू जो नमुना उतरवलास तो जुना आहे, हे तुझ्या चुकीच्या शेवटच्या ओळीवरूनच कळतं. जँगोच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये एक मॉडेल, म्हणजे माहितीचा एक तक्ता, दुसऱ्याशी फॉरेन की नावाच्या दुव्यानं जोडताना ऑन_डिलीट लिहिलं नाही तरी चालायचं. डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० आलं आणि ते लिहिणं सक्तीचं झालं. अधिकृत पोल्समध्ये तर ते त्याच्याही आधीपासून लिहिलेलं आहे. म्हणजे तुझ्या हातातली प्रत २०१५ च्या १.८ या आवृत्तीच्या आसपासची असणार, आणि तू ती आजच्या जँगोवर चालवतेस. ही एक चूक दुरुस्त केलीस तर लगेच दुसरी येईल. पत्ते जोडण्याच्या फाइलीत जुना 'यूआरएल' आयात केलेला असेल, तो ४.० मध्ये काढून टाकला, आता तिथं 'पाथ' वापरतात. मग तिसरी येईल. 'रिव्हर्स' नावाचा कोडचा तुकडा ज्या ठिकाणाहून मागवलाय ते ठिकाणच २.० पासून नाही. यातलं काहीही तुझं अज्ञान नाही. ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन हातात आली, एवढंच झालंय.

म्हणून ती प्रत ठेवून दे आणि अधिकृत पोल्स पहिल्यापासून हातानं टाइप कर. तिथं सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की आपल्याकडं जँगोची कुठली आवृत्ती आहे ते आधी तपासा आणि त्याच आवृत्तीची शिकवण उघडा. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आवृत्ती बदलायची सोय आहे. ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत, तू वाच. ते चाललं, ब्राउझरमध्ये प्रश्न दिसला, मत टाकलं, आकडा वाढला, की लगेच गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची वही ठेवणाऱ्या साधनात, नोंद कर. हा तुझा कपाटातला पीस. याला हात लावायचा नाही. बदल करायचे ते गिटमधल्या वेगळ्या शाखेवर, म्हणजे मूळ कोडला धक्का न लावणाऱ्या प्रतीवर, एका वेळी एक. नाव बदललं, चालवलं, नोंद केली. रकाना वाढवला, चालवला, नोंद केली. काही बंद पडलं की मूळ शाखेशी 'गिट डिफ' मार. तुझ्यात आणि सगळ्यांच्या नमुन्यात नेमका किती फरक आहे ते चार ओळींत समोर येतं. तो फरक हाच तुझा प्रश्न. बाकीचं सगळं समोरच्याला माहीत आहे.

चूक वाचायचीही एक रीत आहे. पायथॉन चूक कुठून आली त्याचा माग छापताना पहिल्याच ओळीत सांगतो की सगळ्यात अलीकडचं शेवटी आहे. म्हणून खालून वर वाचायचं. सगळ्यात खाली काय झालं ते असतं. मग वर सरकत जायचं आणि आपल्या फोल्डरमधल्या फाइलीचं नाव जिथं पहिल्यांदा दिसेल तिथं थांबायचं. 'साइट-पॅकेजेस' असं ज्या ओळीत आहे तो दुसऱ्यांचा कोड, तिथं सहसा काही करायचं नसतं. तुझ्या फोटोत बहुतेक वरचा भाग आला असेल आणि खालची ओळ, म्हणजे खरी बातमी, कडेला कापली गेली असेल. फोटो टाकायचाच नाही. त्यातला मजकूर कुणाला शोधता येत नाही, उचलून चालवून बघता येत नाही, आणि मोबाइलवरून उत्तर देणाऱ्याला तो वाचताही येत नाही. मजकूर चिकटव, पूर्ण चिकटव. फक्त सेटिंग्जच्या फाइलीतली 'सीक्रेट की' आणि डेटाबेसचा पासवर्ड कुठंही टाकू नकोस. ती फाइल आधी वाचून, त्या ओळी काढून मगच दे.

तुझा प्रश्न मी लिहिला असता तर असा लिहिला असता:

"पायथॉन ३.१२, जँगो ५.२, विंडोज ११. अधिकृत पोल्सचा दुसरा भाग जसाच्या तसा माझ्याकडं चालतो. मी एकच ओळ बदलली. चॉइसला क्वेश्चनशी जोडणाऱ्या फॉरेन कीमधलं ऑन_डिलीट काढलं, कारण एका जुन्या नमुन्यात ते नव्हतं. मायग्रेशन करताना खालची चूक येते. मला वाटलं होतं ते न देता चालेल. ते आता सक्तीचं का आहे, आणि माझ्या कामासाठी तिथं काय द्यावं?"

बघ, यात एकही अवघड वाक्य नाही. इंग्रजीत लिहायला घेतलंस तरी सहा-सात छोटी वाक्यं होतील. व्याकरण चुकलं तर चुकू दे. चूक आल्यावर दिसणारा मजकूर इंग्रजीत आहेच आणि कोड सगळ्यांचा एकच आहे. उत्तर देणाऱ्यांत जर्मन, ब्राझिलियन, नायजेरियन माणसं असतात, त्यातल्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नाही. भाषेची लाज वाटून जे प्रश्न लिहिलेच जात नाहीत त्यांचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडच्या किती हुशार मुली याच एका कारणानं गप्प बसतात.

जँगोचा स्वतःचा फोरम आहे, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरही माणसं असतात. शिकताना पडलेले प्रश्न तिथं विचारायचे. टिकिट ट्रॅकर वेगळा असतो, तो जँगोतच दोष सापडला तर नोंदवायला. तिथं शिकण्याचा प्रश्न टाकलास तर तो बंद होणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर बंद झालेला प्रश्नही सुधारून परत उघडायला देता येतो. आणि 'डुप्लिकेट' म्हणून बंद झाला असेल तर वर दिलेली लिंक उघडून बघ, तिथं बहुतेक वेळा तुझं उत्तरच असतं. वेळेचं म्हणशील तर रात्री नऊच्या सुमारास टाक. तेव्हा युरोपात कामाची संध्याकाळ होत आलेली असते आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळ. ही सगळी माणसं स्वतःच्या वेळेतून, फुकट उत्तर देतात, म्हणून एक दिवस वाट बघायची. एकच प्रश्न एकाच वेळी पाच ठिकाणी टाकायचा नाही. टाकलाच तर प्रत्येक ठिकाणी तसं सांगायचं, म्हणजे दोन माणसांची एकच मेहनत दोनदा होत नाही.

चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, चूक समजावून घ्यायला तो उपयोगी पडतो. पण आवृत्ती सांगून विचार. नाहीतर त्यातही जुना आणि नवा कोड एकत्र कालवून मिळतो आणि तू होतीस तिथंच परत येतेस.

आता पुण्याचं. तुझ्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात जास्त लागली, कारण वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. जँगो कुठं जन्मलं माहीत आहे का? अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावात, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. २००३ मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन तिथं काम करत होते. बातमीच्या घाईत साइट उभी करायची, वेळ नाही, म्हणून त्यांनी स्वतःसाठी हत्यार घडवलं. २००५ मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं. २०१० च्या जनगणनेत लॉरेन्सची लोकसंख्या लाखाच्या आत होती. आपलं कोल्हापूर शहर २०११ मध्ये साडेपाच लाखांच्या घरात होतं. गाव लहान म्हणून काही अडत नाही. काम खरं लागतं आणि शेजारी एक माणूस लागतो.

तो शेजारचा एक माणूस मात्र तू शोधच. दूरचे लोक उत्तर देतात, पण तुझ्या खुर्चीशेजारी बसून "हे काय दाबलंस?" असं विचारणारं कुणीतरी हवं. शिवाजी विद्यापीठात, इथल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत पायथॉन शिकणारी मुलं-मुली आहेत. तुझ्या डिप्लोमाच्या वर्गातलीही कुणीतरी निघेल. दोघी पुरेत, तिघी झाल्या तर उत्तमच. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि तिघींनी एकाच नमुन्याचा एकच भाग घ्या. आपापला वेगळा प्रोजेक्ट घेऊन बसलात तर तीन जणी तीन भिंतींकडं तोंड करून बसतील, आणि मग एकत्र येण्यात अर्थ राहत नाही. जँगो गर्ल्स नावाची चळवळ २०१४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली, ती अशीच चालते. एका दिवसाची मोफत कार्यशाळा, लहान लहान गट, प्रत्येक गटाशेजारी एक शिकवणारी व्यक्ती, आणि सगळ्यांच्या समोर एकच शिकवण. ती शिकवण मोफत वाचता येते, बायकांनी सुरू केलेली आहे आणि भाषा फार मायेची आहे. पोल्स संपलं की ती घ्या. पुण्यात पायथॉनवाल्यांच्या बैठका होतात, पायकॉन इंडिया ही देशभरातल्या पायथॉनवाल्यांची परिषद २००९ पासून भरते. कधीतरी तिघी मिळून जा. पण जाण्याआधी हातात एक चाललेला आणि एक अडकलेला नमुना असू दे. नाहीतर खुर्चीत बसून भाषणं ऐकून परत येशील आणि कुणाशी बोलणं होणार नाही.

आणखी एक गोष्ट लगेच सुरू कर. उत्तर मिळालं की त्याच प्रश्नाखाली लिही की काय केलं आणि चाललं का. "थँक्स, झालं" एवढ्यावर सोडू नकोस, काय झालं ते लिही. सहा महिन्यांनी उद्यमनगरातली किंवा लागोसमधली दुसरी कुणीतरी तीच चूक घेऊन तिथं येणार आहे. आणि पोल्सचा चौथा भाग संपला की पहिल्या भागात अडकलेल्यांचे प्रश्न वाचायला लाग. त्यांना उत्तर द्यायला तुझ्याइतकं लायक कुणी नाही. दहा वर्षं काम केलेल्याला आठवतच नाही की सर्व्हर चालू असलेली खिडकी बंद करायची नसते, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुला ते गेल्या महिन्यातलं आठवतं. ज्या जुन्या प्रतीनं तुला अडवलं तिच्या मालकालाही कळव की ही प्रत कुठल्या आवृत्तीची आहे ते वर एका ओळीत लिहा. जमलं तर ती ओळ तूच लिहून बदल पाठव. दुसऱ्याच्या प्रकल्पात तुझ्या नावानं गेलेली ती पहिली ओळ असेल.

शेवटी तुझं ऑन_डिलीट, कारण ते अजून तसंच राहिलंय. ही ओळ जँगोला सांगते की मूळ नोंद पुसली तर तिला जोडलेल्यांचं काय करायचं. पोल्समध्ये तिथं 'कॅस्केड' आहे. प्रश्न पुसला की त्याचे पर्यायही पुसले जातात, आणि ते बरोबर आहे. प्रश्नच नसेल तर त्याचे पर्याय ठेवून काय करायचे? पण तू क्वेश्चनच्या जागी पार्टी घातलीस आणि चॉइसच्या जागी चलन. तिथं कॅस्केड तसंच ठेवलंस आणि उद्या कुणी एखादी पार्टी पुसली, तर तिची वर्षभराची चलनं तिच्याबरोबर जातील. तिथं 'प्रोटेक्ट' घाल. मग एकही चलन शिल्लक असेपर्यंत जँगो ती पार्टी पुसूच देत नाही. घालण्याआधी बाबांना एकदा विचार, एखाद्या पार्टीशी व्यवहार संपला की तिच्या जुन्या चलनांचं ते काय करतात. ते जे सांगतील तेच तिथं लिहायचंय.